आरोपीच्या पिंजऱ्यात बाई, काळ्या कोटात पुरुष

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न. मराठी रहस्यकथेतली अशी एक वकीलबाई आठवून सांगा, जी आरोपीचं वकीलपत्र घेते, कोर्टात उभी राहून उलटतपासणी करते, खऱ्या गुन्हेगाराला शोधून काढते आणि हे करता करता आपल्याला चार वेळा हसवते. सिनेमातली नको, मालिकेतली नको. छापील पानावरची हवी.

नगर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या, शिक्षिका, वाचनालयातल्या ताई, वकिली करणाऱ्या मैत्रिणी अशा बऱ्याच जणींना मी हा प्रश्न घातला. पुरुषांची नावं धडाधड आली. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय आले. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला. १९३३ पासून जगभर वाचला गेलेला एर्ल स्टॅनली गार्डनरचा पेरी मेसन आला आणि त्याच्या मागोमाग त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीटही आली. म्हणजे कोर्टाच्या गोष्टीत बाई नाही असं नाही. ती अशील म्हणून असते, साक्षीदार म्हणून असते, फायली सांभाळणारी म्हणून असते, प्रेत म्हणून तर हमखास असते. काळा कोट घालून आरोपीची बाजू मांडणारी बाई मात्र कुणाच्या ओठांवर येईना.

हे कोडं मी गंमत म्हणून घातलेलं नाही. खऱ्या कोर्टात जेव्हा एखादी बाई आरोपी म्हणून उभी राहते, तेव्हा तिलाही काही बाजू असेल ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. कल्पना आकाशातून पडत नाहीत, त्या गोष्टींतून येतात. ज्या समाजाच्या गोष्टींत आरोपीची वकीलबाई नाही, त्या समाजाच्या मनात ती कुठून असणार? म्हणून मला भांडायचं आहे. एक भांडण मराठी लिहिणाऱ्यांशी आहे. दुसरं आपल्याच चळवळीशी आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

हलकंफुलकं वाचायला बंदी का?

आधी सोपं भांडण घेऊ. आपल्या गटांच्या वाचनपेट्या बघा. जिथं जिथं बचतगटांमधून, महिला मंडळांमधून पुस्तकं फिरतात, तिथं आत्मचरित्रं असतात, कायद्याची माहिती देणाऱ्या पुस्तिका असतात, आरोग्याची पुस्तकं असतात. सगळी आवश्यक. रहस्यकथेचं नाव काढलं की मात्र कपाळाला आठी पडते. ‘टाइमपास’, ‘वेळ घालवायचे धंदे’, ‘बायकांना आणखी स्वप्नात कशाला न्यायचं?’ असं मी बैठकीत कैकदा ऐकलं आहे. बोलणाऱ्या बहुतेक जणी स्वतः शाळकरी वयात पांघरुणात विजेरी धरून रहस्यकथाच वाचत होत्या, हा भाग वेगळा!

कोर्टाची पहिली भीती कायद्याची नसते, कोर्टाचीच असते. पाथर्डीची किंवा जामखेडची एखादी बाई पहिल्यांदा तालुक्याच्या कोर्टात येते, तेव्हा तिला कुठं उभं राहायचं कळत नाही. नावाचा पुकारा कानावर पडूनही समजत नाही. ‘तारीख पडली’ म्हणजे काय झालं हे ती बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या टायपिस्टला विचारते. कायद्याची पुस्तिका तिला कलमं सांगेल, पण त्या खोलीची भीती कमी करणार नाही. ते काम गोष्ट करते, आणि हसवणारी गोष्ट जास्त चांगलं करते. न्यायाधीशांना शिंक येते, सरकारी वकिलांना भलतीच फाईल दिली जाते, पंच स्वतःची सही ओळखत नाही, हे वाचून हसलेली बाई त्या खोलीत थोडी सैल होऊन शिरते. शिवाय जामीन, उलटतपासणी, फितूर साक्षीदार, संशयाचा फायदा हे शब्द तिच्या तोंडी आपोआप बसतात. शिबिरात दोन तास खर्चून आपण जे सांगतो, ते तिनं चटणी वाटता वाटता पुढं काय होणार या उत्सुकतेपोटी शिकलेलं असतं.

हसणं कुणाच्या वाट्याला आलं?

मराठी रंगभूमीवर कोर्ट भरपूर रंगलं. त्यात हसलं कोण आणि हसू कुणाचं झालं, हे बघण्यासारखं आहे.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. नावं बदलून एकामागून एक बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे कोर्टात स्वतःच स्वतःचा बचाव करतो. प्रभाकर पणशीकरांच्या त्या भूमिकेनं अर्धं शतक थिएटरं भरली. फसवल्या गेलेल्या बायका साक्षीला येतात, रडतात, जातात. टाळ्या पडतात त्या लखोबाच्या बिलंदरपणाला. उलटतपासणीतली सगळी हुशारी, सगळी मजा त्याच्या वाट्याला.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ सालचं. हौशी नट मंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात आणि खेळता खेळता लीला बेणारे नावाच्या शिक्षिकेला भ्रूणहत्येची आरोपी करतात. बघता बघता खेळ खरा होतो. सुखात्मे हा एकच माणूस फिर्यादीचाही वकील आणि आरोपीचाही वकील. आरोपीची बाजू मांडायची पाळी येते तेव्हा त्याच्याकडं मांडायला काहीच नसतं. ज्या पुरुषामुळं हे सगळं घडलं तो प्राध्यापक दामले तिथं हजरसुद्धा नसतो. तेंडुलकरांनी समाजाचा बुरखा फाडला हे खरंच, पण त्या नाटकाकडं आपण आजवर बेणारेच्या दुःखाच्या अंगानं पाहिलं. तिला वकील का मिळाला नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षेनं फारसा विचारला नाही. तिला दया नको होती. तिला कुणीतरी उठून ‘हरकत आहे!’ म्हणायला हवं होतं.

त्याआधीची एक गंमत सांगते. शेक्सपिअरच्या ‘व्हेनिसच्या व्यापाऱ्या’चं एकोणिसाव्या शतकात जे मराठी रूपांतर झालं, त्याचं नाव ‘स्त्रीन्यायचातुर्य’. केवढं सुंदर नाव! पण त्या कथेतली नायिकाही कोर्टात उभी राहते ती पुरुषाचा वेश घेऊनच. बाईच्या चातुर्याला न्यायालयात शिरायचं तर दाढीमिशीची परवानगी हवी, असा तो काळ.

नाशिकची पोर इंग्रजी कादंबरीत

तो काळ संपवणाऱ्या बायका याच मातीतल्या. कॉर्नेलिया सोराबजीचा जन्म १८६६ साली नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ साली तिनं ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र बाई म्हणून नाकारली गेली, ती १९२२ साली मिळाली. वकिलीची सनद बायकांना नव्हती, तरी १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात तिनं आरोपीच्या बाजूनं काम चालवलं. तिची राजकीय मतं आपल्याला पटणारी नाहीत. ती इंग्रजी राजवटीची समर्थक होती. पण देशातल्या बाईच्या वकिलीची सुरुवात झाली ती आरोपीच्या बचावानं, हे आपण विसरलो.

बायकांना वकिलीची सनद देणारा कायदा १९२३ साली आला. मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा, म्हणजे नंतरच्या मिठन लाम, या पहिल्या महिला बॅरिस्टर झाल्या. त्यांच्या पहिल्या कामाची हकीकत सांगितली जाते ती अशी: अशिलाची बाजू मुळातच भक्कम होती, त्यानं मुद्दाम बाई वकील दिली, कारण एका बाईकडून हरल्याची नामुष्की त्याला प्रतिपक्षाला द्यायची होती. यात सबंध विनोदी कादंबरी दडलेली आहे.

ती कादंबरी आली, पण इंग्रजीत आली. अमेरिकेत राहणाऱ्या सुजाता मॅसी यांनी या दोघींच्या आयुष्यांवरून पेरवीन मिस्त्री हे पात्र घडवलं. २०१८ च्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या कादंबरीत १९२१ ची मुंबई आहे. पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आहेत, त्यांच्या मेहेरवर डोळा ठेवणारा पुरुष आहे, एक खून आहे. वडिलांच्या सॉलिसिटर फर्ममध्ये काम करणारी पेरवीन कोर्टात उभी राहू शकत नाही, कारण कायदाच नाही. पण कोणत्याही पुरुष वकिलाला जिथं प्रवेश नाही त्या जनान्यात ती जाऊ शकते, आणि रहस्य उलगडतं ते तिथं. पुस्तक हलकंफुलकं आहे, खाण्यापिण्याची वर्णनं चविष्ट आहेत, आणि ते वाचून संपेपर्यंत वाचकाला मुस्लिम बाईचे मालमत्तेचे हक्क आणि पारशी विवाहाचा कायदा बऱ्यापैकी कळलेला असतो. नाशिक-पुण्या-मुंबईच्या बायकांची ही गोष्ट सांगायला अमेरिकेतून कुणीतरी यावं लागलं, आणि आपण अजून वाचनपेटीत रहस्यकथा ठेवावी की नाही यावर वाद घालतो आहोत!

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. २०२४ पासून जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव आहे. १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेली आणि महेश्वरला बसून रयतेच्या तक्रारी ऐकणारी ती बाई. जिल्ह्यातला सगळ्यात गाजलेला अलीकडचा कायदेशीर लढाही बायकांचाच. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यावं म्हणून ॲडव्होकेट नीलिमा वर्तक आणि आपल्या विद्याताई बाळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयानं १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्यावर बोट ठेवलं आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा सगळ्यांना खुला झाला. साठ वर्षं कायदा कपाटात पडून होता आणि एका वकीलबाईनं तो बाहेर काढून झटकला. रहस्यकथेला यापेक्षा चांगला दुवा कुठला हवा?

आरोपी बाई कोण असते?

आता अवघड भांडणाकडं येते.

स्त्री चळवळीचा कोर्टाशी संबंध आला तो फिर्यादीच्या बाजूनं. मथुरा प्रकरणानं आपल्यातल्या कितीतरी जणींना रस्त्यावर आणलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेला तो प्रकार आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून देणं, हे आपल्या पिढ्यांना पाठ आहे. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. हुंडाबळींचे खटले, ४९८ अ, सगळीकडं आपण पीडित बाईच्या शेजारी उभ्या राहिलो. ते बरोबरच होतं. पण त्यातून एक सवय जडली. कोर्टातली बाई म्हणजे पीडित बाई. आरोपी म्हणजे पुरुष. आणि आरोपीचा वकील म्हणजे बलात्कारित बाईचे दुसऱ्यांदा धिंडवडे काढणारा माणूस.

ही सवय अनुभवातून आली, हे मला मान्य आहे. फिर्यादी बाई ‘अनैतिक चालीची’ आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी ठरवण्याची सोय पुराव्याच्या कायद्यातच होती. ते पोटकलम काढलं गेलं ते २००२ च्या दुरुस्तीनं. तेव्हा ‘बचाव’ हा शब्द ऐकला की आपल्या अंगावर काटा येतो, यात नवल नाही.

पण आरोपीच्या पिंजऱ्यात बाईही असते, तिचं काय? देशातल्या कैद्यांमध्ये बायका सुमारे ४ टक्के, आणि २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार एकंदर दर चार कैद्यांमागं तीन जण कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. या बायका कोण आहेत? हातभट्टीच्या धाडीत सापडलेली, जिच्या धंद्यातला नफा भलताच कुणी खातो. धंद्यावरच्या छाप्यात उचललेली. सुनेच्या तक्रारीत नवऱ्यामागोमाग नाव आलेली सासू, कधी खरोखर दोषी, कधी फक्त त्याच घरात राहणारी. दारुड्या नवऱ्याचा मार वीस वर्षं खाऊन एका रात्री वरवंटा उचललेली. आणि आपल्या जिल्ह्यात विसरता येणार नाही अशी पारधी बाई. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तिच्या पणजीला जन्मतःच आरोपी ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. श्रीगोंदा-कर्जत भागात चोरी झाली की पालावर गाडी येते. ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व या बाईपर्यंत पोचवायचं आहे, आणि आपण मात्र ते आरोपीचे लाड म्हणून हिणवतो.

मूल जिवंत जन्मलं होतं का?

आणखी एक आरोपी बाई आहे. तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण ती बेणारेची बहीण आहे. उसात, विहिरीत, उकिरड्यावर अर्भक सापडतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘निर्दयी माता’ असं शीर्षक छापून येतं. दोन दिवसांत एखाद्या अविवाहित मुलीला नाहीतर विधवेला अटक होते. बाप कोण, हे कुणी विचारत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं इथं एक प्रश्न निर्णायक आहे. मूल जिवंत जन्मलं होतं का? जिवंत जन्मलं आणि मारलं गेलं, तर खून. जन्मठेप किंवा फाशी. मृत जन्मलं किंवा जन्मताना आपोआप गेलं आणि आईनं भीतीपोटी गुपचूप पुरलं, तर गुन्हा जन्म लपवल्याचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ९४, जुन्या दंड संहितेचं ३१८, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. एका प्रश्नाच्या उत्तरावर एका बाईचं सगळं आयुष्य. आणि उत्तर कसं शोधतात? एक जुनी चाचणी आहे, अर्भकाचं फुप्फुस पाण्यात टाकून ते तरंगतं का बघायचं. पण शरीर कुजायला लागलं की श्वास न घेतलेलं फुप्फुसही तरंगू शकतं. हे डॉक्टरला पिंजऱ्यात उभं करून विचारणारं कुणी असलं पाहिजे. अर्भक किती तासांनी सापडलं? ऊन होतं का? शवविच्छेदन कधी झालं? घरात एकटी बाळंत झालेली, रक्तस्रावानं शुद्ध हरपलेली मुलगी नेमकं काय करू शकत होती? हे प्रश्न म्हणजे अस्सल रहस्यकथा आहे. आणि ते विचारले न गेल्यानं आत बसलेली बाई हे अस्सल वास्तव आहे.

ही बाजू मराठीत पहिल्यांदा मांडली कुणी? तारा शिंदे या बुलढाण्याच्या बाईनं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. शिक्षा नंतर कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर झोड उठवली. ताराबाईंनी उत्तर म्हणून १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. आपण ती स्त्रीवादाचा आरंभग्रंथ म्हणून वाचतो. ती आणखी एका अंगानं वाचा. ते आरोपीच्या वतीनं केलेलं भाषण आहे. विधवेला लग्न नाकारणारे कोण, तिला फसवणारा कोण, आणि पिंजऱ्यात एकटी तीच कशी, ही उलटतपासणी ताराबाईंनी घेतली. सनद नव्हती, कोट नव्हता, अशिलाची भेटही नव्हती. आणि मैत्रिणींनो, त्या पुस्तकातला उपरोध बघा. ताराबाई रडत नाहीत, त्या टोमणे मारतात, पुरुषांना हास्यास्पद करून सोडतात. म्हणजे आपल्या परंपरेचा पहिला धडाच मुळी असा आहे: बचाव करावा, आणि हसवत करावा.

‘वकीलपत्र घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना

आता सगळ्यात दुखऱ्या जागी हात घालते. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जे झालं, त्यानं सबंध महाराष्ट्र हादरला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या न्यायालयानं तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच्या सहाच दिवस आधी, त्याच नगरच्या न्यायालयात, खर्ड्यातल्या दलित मुलाच्या २०१४ सालच्या खुनाच्या खटल्यातले आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. एका खटल्यासाठी लाखोंचे मोर्चे निघाले, दुसऱ्यात साक्ष द्यायला माणूस टिकला नाही.

अशा वेळी ‘आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ ही मागणी न्यायाची मागणी म्हणून केली जाते. आपल्यातल्या काही जणीही ती करतात. मला ती धोक्याची वाटते. कुणाला वकील मिळावा आणि कुणाला मिळू नये हे जमावानं ठरवायचं म्हटलं, तर जमाव नेहमी आपल्या बाजूचा नसतो. उद्या तोच जमाव पारधी बाईबद्दल हेच म्हणेल, कुमारी मातेबद्दल म्हणेल, गावाच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या मुलीबद्दल म्हणेल. वकील संघानं असा ठराव केला तर तो बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलं आहे. आणि हेही लक्षात ठेवा, चांगला बचाव झालेल्या खटल्यातली शिक्षा वरच्या कोर्टात टिकते. ज्या खटल्यात आरोपीला धड वकीलच मिळाला नाही, त्यातली शिक्षा अपिलात डळमळते.

मग बाई वकिलानं बलात्काराच्या आरोपीचं वकीलपत्र घ्यावं का? घेऊ शकते. त्याबद्दल आपण तिचा सत्कार करायची गरज नाही, पण तिच्यावर बहिष्कारही टाकू नये. तिला एकच अट घालावी: पुरावा तपासा, वेळ तपासा, ओळखपरेड तपासा, पोलिसांचा तपास फाडून काढा, फिर्यादी बाईच्या चारित्र्याला हात लावू नका. असा बचाव करता येतो, हे लोकांना कुठं दिसणार? गोष्टीत दिसू शकतं. अशी उलटतपासणी घेणारी नायिका दहा कादंबऱ्यांत वाचली, तर वाचकाला खऱ्या कोर्टातली घाणेरडी उलटतपासणी खुपायला लागेल.

कशी हवी ही वकीलबाई?

‘पण या कादंबऱ्या खोट्या असतात’ असा तिसरा आक्षेप येतो, आणि तो बराचसा खरा आहे. पेरी मेसनचा अशील जवळजवळ नेहमी निर्दोष निघतो. खरा खुनी भर कोर्टात घामाघूम होऊन कबुली देतो. खटला पंधरा दिवसांत आटपतो. आपल्याकडं पंधरा दिवसांत समन्ससुद्धा बजावलं जात नाही! माझं म्हणणं, ही नक्कल मराठीत करूच नका. आपल्या तालुक्याच्या कोर्टात हलक्याफुलक्या रहस्यकथेला लागणारा सगळा माल तयार पडलेला आहे.

ठरलेला पंच घ्या. पोलीस ठाण्याजवळ राहणारा तोच माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक पंचनाम्यावर सही ठोकतो. एकाच दिवशी एकाच वेळी दोन गावांत त्याची सही आढळली, की वकीलबाईचा अर्धा खटला जिंकलेला. जामीनदार घ्या. कोर्ट जामीन मंजूर करतं, पण सातबारा असलेला जामीनदार आणा म्हणतं. बाईच्या नावावर जमीन नाही. माहेरचे येत नाहीत, सासरचे तर फिर्यादीच. जामीन मिळूनही ती आतच. जामीनदार शोधत स्कूटीवरून गावोगाव फिरणारी वकीलबाई, प्रत्येक ओसरीवर मिळणारा चहा आणि प्रत्येक ओसरीवर मिळणारा नकार, यात विनोद आहे आणि पोटात कालवणारं सत्यही आहे. हिची अशील प्रत्येक वेळी निर्दोष असू नये. कधी तिनं खरंच वरवंटा उचललेला असावा, आणि खटला खून की सदोष मनुष्यवध यावर लढला जावा. आपल्या नायिकेला कधी हरूही द्यावं.

आणि ही नायिका नगरची असू द्या, श्रीरामपूरची असू द्या, नेवाशाची असू द्या. देशातल्या वकिलांमध्ये बायका फक्त सुमारे १५ टक्के आहेत, असं तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२२ साली सांगितलं होतं. ज्या आहेत त्यांच्याकडं पोटगी आणि घटस्फोटाची कामं येतात. ‘फौजदारी हे बाईचं काम नाही’ असं त्यांना सीनियर सांगतात, अशीलही सांगतात. एखाद्या बारावीच्या मुलीनं गोष्टीतली फौजदारी वकीलबाई वाचून हट्टानं कायद्याला प्रवेश घेतला, तर त्या पुस्तकाला मी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं मानेन.

आपण काय करायचं?

पुस्तक येईल तेव्हा येईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

१९८२-८३ ची गोष्ट आठवा. शीला बर्से या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं १९८३ साली आदेश दिले: बायकांची कोठडी वेगळी, पहारा महिला शिपायांचा, चौकशी महिला पोलिसांच्या समोर, आणि अटक होताच कायदा मदत समितीला खबर. एक बाई जाऊन नुसती बोलली, आणि देशभरासाठी नियम झाले. आपल्या गटांतल्या किती जणी महिला कैद्यांना भेटून आल्या आहेत?

कायद्यानं आज बाईला बरंच दिलं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्न कितीही असलं तरी बाईला मोफत वकील मिळतो, मग ती फिर्यादी असो की आरोपी. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, १५१०० हा मदतीचा फोन आहे, आणि आरोपींचा बचाव करण्यासाठी आता लोकअभिरक्षक नेमले जातात. गंभीर गुन्ह्यातही बाई आहे म्हणून जामिनाचा वेगळा विचार करता येतो. ती तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. हे आपल्या किती पोस्टरांवर आहे? आपली पोस्टरं फिर्याद कशी नोंदवायची ते सांगतात. अटक झाली तर काय करायचं ते एकही सांगत नाही.

माझे तीन प्रस्ताव आहेत. प्रत्येक गटानं वर्षातून दोनदा तरी विधी सेवा प्राधिकरणामार्फत परवानगी घेऊन महिला कैद्यांना भेटावं. अर्भक प्रकरणात अटक झालेल्या बाईला पहिल्या दिवशी वकील मिळाला का, याची चौकशी आपण करावी, पेपरच्या शीर्षकावर विसंबू नये. आणि वाचनपेटीत रहस्यकथेसाठी एक कप्पा ठेवावा. लिहिणाऱ्या मैत्रिणींनी, विशेषतः कोर्टात रोज उभ्या राहणाऱ्या वकील मैत्रिणींनी, तो कप्पा भरावा. अशिलांची नावगावं बदला, पण कडुनिंबाखालचा टायपिस्ट आणि तो ठरलेला पंच जसेच्या तसे येऊ द्या.

माझं म्हणणं न पटणाऱ्या बऱ्याच जणी असतील, याची मला कल्पना आहे. फिर्यादीच्या बाजूनं इतकी वर्षं झगडलेल्या ज्येष्ठ मैत्रिणींना हे वाचून रागही येईल. त्यांनी पुढच्या अंकात सविस्तर लिहावं. माझी उलटतपासणी घ्यावी, मी तयार आहे.